'घे की बे': मुलांना मित्रांच्या दबावातून निसटायला कसं शिकवायचं

मावा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) चोळून झाला की पुडी उघडते आणि चिमूट हातोहात पुढे सरकते. "खाणार का?" असं कुणी विचारत नाही. शेजाऱ्याचा तळहात मोकळा दिसला की त्यावर ठेवून मोकळे होतात. विचारलंच नाही, तर नकार द्यायचा कशाला? सोलापुरातल्या कुठल्याही टपरीसमोर दहा मिनिटं उभं राहिलं तरी हे दिसेल. 'नाही म्हणायला शिका' हा भिंतीवरचा सुविचार निकामी ठरतो तो इथेच.

शाळेत, वस्तीतल्या अभ्यासिकेत, मंडळात किंवा वसतिगृहात १३ ते १८ वयाच्या मुलामुलींसोबत हे काम पहिल्यांदाच करायला घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. चार बैठका धरा. आठवड्याला एक, प्रत्येक बैठक तास-सव्वा तासाची. एकाच दिवशी तीन तासांचं 'शिबिर' घेऊ नका. मुलांना मधल्या आठवड्यात टपरी, क्लास, मिरवणूक पुन्हा भेटावी लागते, तेव्हाच पुढच्या बैठकीत बोलायला काही असतं.

सुरुवातीआधीची तयारी

गट १२ ते १६ जणांचा. वीसच्या वर गेलात की कोपऱ्यातले सहा-सात जण नुसते प्रेक्षक होतात आणि नेमकी त्यांनाच गरज असते. वयात दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. आठवीतला पोरगा अकरावीच्या दादासमोर तोंड उघडत नाही. पहिल्या दोन बैठका मुलं-मुली वेगळ्या घ्या, पुढे त्यांना हवं असेल तर एकत्र. बाक बाजूला सारून सतरंजीवर गोल बसा. वर्गशिक्षक खोलीत नकोत. हे मुख्याध्यापकांशी आधीच, नीट आदराने बोलून ठरवा. ऐनवेळी "सर, तुम्ही जरा बाहेर" म्हटलं की सर दुखावतात आणि पोरं खुसखुसतात.

भाषेचं विसरू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडच्या मुलांची कन्नड असते, काहींची उर्दू. सराव ज्या भाषेत मुलं भांडतात त्याच भाषेत व्हायला हवा. पुस्तकी मराठीत लिहून दिलेले संवाद म्हणजे स्नेहसंमेलनातलं नाटक. टाळ्या पडतात आणि नाक्यावर एक शब्द आठवत नाही.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगून टाका. एक, इथलं बोलणं इथेच राहील. दोन, याला अपवाद आहे: कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर ते पुढे कळवावंच लागेल. पॉक्सो कायद्याने (२०१२) अशी माहिती असलेल्या प्रत्येकावर ती जबाबदारी टाकलेली आहे. मुलाने विश्वासाने सांगून झाल्यावर "आता हे मला सांगावं लागेल" म्हणणं हा दगा वाटतो. म्हणून आधीच.

आणि एक प्रश्न कधीही विचारू नका: "तुमच्यापैकी कोण कोण खातं?" हात वर करायला लावलेत की बैठक तिथेच संपली. एक तर सगळे खोटं बोलतील, नाहीतर एखादा फुशारकीने हात वर करेल आणि त्या दिवसाचा हिरो होईल.

पहिली बैठक: नाक्याचा नकाशा

ए-फोर कागदाचे आठ तुकडे करा, प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या आणि सगळ्यांना पेन्सिल. नाव नको. प्रत्येक चिठ्ठीवर चार गोष्टी: ठिकाण, वेळ, कोण (नाव नाही; 'वर्गातला', 'चुलतभाऊ', 'मंडळातला दादा' एवढंच) आणि समोरच्याने म्हटलेलं पहिलं वाक्य. पहिलं वाक्य जसंच्या तसं, शिवीसकट. एक चिठ्ठी स्वतःची, एक पाहिलेली. कुठली कुठली हे सांगायचं नाही. या एका सवलतीने निम्मी भीती जाते.

चिठ्ठ्या तिथे वाचू नका. घरी नेऊन ओळखू येण्यासारख्या बाजूला काढा, बाकीच्या स्वतःच्या अक्षरात उतरवा. वर्गात एकमेकांचं अक्षर सगळ्यांना ठाऊक असतं.

साधारण काय हाती लागतं? क्लास सुटल्यावर टपरी. होटगी रोडला ट्रिपल सीट, "बस की बे, जवळच जायचंय". रात्री बाराचा केक आणि पुढची 'पार्टी'. जयंतीच्या नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर पाण्याच्या बाटलीतून फिरणारं 'पाणी'. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर घरच्यांपासून सुटं होऊन गटाने कुठेतरी जाणं. परीक्षेत उत्तरं पुढे सरकवणं. मुलींच्या चिठ्ठ्यांचा सूर वेगळा असतो: "माझ्यासाठी त्याच्याशी एकदा बोल ना", "मी तुझ्याकडे अभ्यासाला आलेय असं माझ्या मम्मीला सांग", "तुझा पासवर्ड दे, मैत्रिणीत काय लपवायचं". त्यात आवाज चढत नाही. म्हणूनच तो दबाव आहे हे मुलींना, आणि आपल्यालाही, उशिरा कळतं.

अलीकडे एक नवी चिठ्ठी येते, तिच्याकडे नीट लक्ष द्या: "तुझं बँक खातं आठवडाभर दे, पैसे येतील, तुला दोन हजार." मित्राचा मित्र मागतो. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरतात, मग खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस खातेदाराच्या घरी येते. पैसे फिरवणारा तोवर नंबर बदलून बसलेला असतो. मुलांना हे 'मित्राला मदत' या खात्यात जमा वाटतं.

दबाव ओळखायचा कसा

चिठ्ठ्यांवरची पहिली वाक्यं फळ्यावर लिहा आणि मुलांनाच गट पाडू द्या. बहुतेक वेळा चार ढीग होतात. डिवचणं: "फाटली का बे?", "पोरगी आहेस का?" हिशेब: "मागच्या वेळी मी दिलं होतं की." गृहीत धरणं: "सगळे येतायत, तुझं नाव घातलंय." आणि चौथा, ज्यात वाक्यच नसतं: ग्रुपमधून काढणं, रीलमध्ये टॅग न करणं, डब्याला वेगळं बसणं. चौथ्या ढिगाची चिठ्ठी क्वचितच येते, कारण पहिलं वाक्य लिहायला सांगितलेलं असतं आणि इथे वाक्य नाही. तो ढीग तुम्हीच मांडा. आमच्या मते चारांत सगळ्यात जड तोच.

मग शरीराच्या खुणा. उत्तर देण्याआधी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणं. हसू न येता हसणं. "बघू", "येतो", "नंतर" असं पुटपुटणं. पोटात गोळा. या खुणा मुलं पटकन ओळखतात, कारण त्या त्यांना एकमेकांत रोज दिसतात.

स्वतःला विचारायचा एकच प्रश्न द्या: "हे तिघे इथे नसते, तर मी आत्ता हे केलं असतं का?" 'आईला सांगता येईल का' ही कसोटी पुष्कळ जण शिकवतात, ती वापरू नका. या वयात मुलं आईला न सांगण्यासारख्या शंभर निरुपद्रवी गोष्टी करतात. कसोटी प्रत्येक वेळी 'धोका' दाखवायला लागली की मुलं ती फेकून देतात.

मुलं विचारतील, मोठ्यांना असं होत नाही का? होतं, पण या वयात जास्त. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढच्या लोकांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ खेळायला दिला. सोबतीला मित्र बसले की सर्वांत लहान गटाने घेतलेली जोखीम सर्वांत जास्त वाढली. मोठ्यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे घरी शहाण्यासारखा बोलणारा मुलगा चौघांत वेडेपणा करतो तेव्हा तो घरी खोटं बोलत होता असं नाही. ही गोष्ट पालकसभेतही सांगा, तिथे तिचा उपयोग जास्त होतो.

दबाव नेहमी वाईटच असतो असं मात्र शिकवू नका. लेझीमच्या पथकात ताल चुकू नये म्हणून रोज संध्याकाळी सरावाला ओढून नेणारे मित्रच असतात. मुलांना हा फरक कळतो. सगळ्याच मित्रांवर संशय घ्यायला लावलात तर ती मित्रांची बाजू घेतील आणि तुम्ही बाहेरचे ठराल.

दुसरी बैठक: हरभरा आणि तूर

'सगळेच करतात' हा समज फोडायला दोन धान्यं आणि एक तोंड बांधलेलं मडकं पुरतं. हरभरा म्हणजे हो, तूर म्हणजे नाही. प्रत्येकाला दोन्हीचा एकेक दाणा द्या. मडक्याच्या फडक्याला मूठ आत जाईल एवढीच फट ठेवा, आणि न टाकलेला दाणा दुसऱ्या बंद डब्यात टाकायला लावा. नाहीतर उरलेला दाणा पाहून कुणी काय टाकलं ते लगेच कळतं.

प्रश्न कृतीचा नको, मताचा हवा. "एखाद्याने मावा नको म्हटला, तर तो माझ्या नजरेत उतरेल का?" आधी प्रत्येकाने अंदाज करायचा की वर्गातले किती जण 'हो' म्हणतील, तो आकडा कागदावर. मग दाणे. अंदाज आणि मोजणी यांत बहुधा चांगलंच अंतर पडतं. जो तो मनात म्हणत असतो 'मला काही वाटत नाही, पण बाकीच्यांना वाटेल'. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांना १९९३ साली दारूबद्दल नेमकं हेच आढळलं होतं: विद्यार्थी स्वतः जेवढे अवघडलेले होते, त्यापेक्षा इतर जण निवांत आहेत असं प्रत्येकाला वाटत होतं.

गडबड कुठे होते? निकाल उलटा आला की. म्हणून मोजणी आधी एकट्याने करा, आणि आकडा सांगेन असं कबूल करू नका. हरभरे जास्त निघाले तर ते जाहीर करणं म्हणजे 'बघा, सगळे तसेच आहेत' असा शिक्का मारणं. त्या दिवशी आकडा बाजूला ठेवून सरळ सरावाकडे वळा.

तिसरी बैठक: वाक्य, हात आणि पाय

आता खरं काम. मुलांना भाषण शिकवू नका. तंबाखूने कर्करोग होतो हे त्या टपरीवरच्या प्रत्येकाला पाठ आहे, पुडीवर चित्रसुद्धा असतं. तीन गोष्टी शिकवा.

वाक्य तीन ते पाच शब्दांचं आणि कारण न देता. "नको, तुम्ही घ्या." "मी नाही येत, उद्या भेटू." कारण दिलं की समोरच्याला पकडायला दांडी मिळते. "दात दुखतोय" म्हटलं की "अरे, त्यानेच बरं वाटतं!" तेच वाक्य त्याच आवाजात तीनदा म्हणायचं. दुसऱ्या वेळी नवं वाक्य शोधलं की आवाज पडतो, आणि समोरच्याला कळतं की पोरगं ढिलं झालं. तिसऱ्यानंतर बोलणं संपलं. विषय बदलायचा किंवा हलायचं.

हात. हात मोकळा, तळवा वर, असा असेल तर चिमूट त्यावर येऊन पडणारच, आणि पडलेली फेकून देणं हा नकारापेक्षा मोठा अपमान. म्हणून पुडी उघडताना दिसली की हात आधीच गुंतवायचे: सॅकच्या पट्ट्यात, सायकलच्या हँडलवर, चहाच्या ग्लासभोवती. वयात आलेल्या पोराला हे क्षुल्लक वाटेल, पण ज्यांनी करून पाहिलंय त्यांना याचा भाव कळतो.

पाय. वर्तुळात उभं असताना एक पाऊल निघायच्या दिशेला. शेवटचं वाक्य चालता चालता बोलायचं, थांबून नाही.

सराव तिघातिघांचा: दोघे आग्रह करणारे, एक नकार देणारा. वेळ ४० सेकंद, घड्याळ लावून. अंगाला हात लावायचा नाही, घरच्यांवरून बोलायचं नाही. पुडी म्हणून घडी घातलेला कागद. मग भूमिका बदला. तिघांचीही पाळी तीनदा यायला हवी. पहिल्या फेरीत सगळे हसतात. हसू द्या. दुसऱ्या फेरीपासून आवाज खाली येतो.

एक फेरी अशी दिसते.

"घे की बे, आज माझ्याकडून."
"नको, तुम्ही घ्या."
"का बे? पप्पांनी तंबी दिली?"
"नको, तुम्ही घ्या."
"बघ, हा साधू झाला!"
"नको रे, तुम्ही घ्या. काल मॅच बघितली का?"

इथे थांबवा आणि आग्रह करणाऱ्या दोघांना विचारा: आता काय वाटलं? बहुतेक पोरं म्हणतात, "कंटाळा आला." हे वाक्य नकार देणाऱ्याच्या कानावर पडणं, हा सगळ्या बैठकीचा गाभा. चिडवणाऱ्याला मजा हवी असते. ती मिळाली नाही की तो दुसरीकडे वळतो.

दोन चुका हमखास होतात. वर्गातल्या बुजऱ्या मुलालाच सगळे 'बळी' करतात. भूमिका तुम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि आग्रह करणारा एखादा इतका रंगतो की खरी दुखरी नस दाबतो: जात, रंग, बापाची दारू. लगेच थांबवा, त्या फेरीवर चर्चा नको; नंतर दोघांशी वेगवेगळं बोला. प्रत्येक सरावानंतर उठून जागा बदलायला लावा, म्हणजे भूमिका अंगावरून उतरते.

जोडीदार

एकट्याने नकार देणं अवघड असतं, हा काही धीटपणा कमी असल्याचा दोष नाही. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रेघांची लांबी सांगायची होती, उत्तर डोळ्यांना उघड दिसत होतं. बाकी सगळे ठरवून चुकीचं बोलले की तीनपैकी एका उत्तरात माणूस त्यांच्या मागे जाई. पुढच्या प्रयोगांत गटातल्या एकाच माणसाने खरं उत्तर दिलं, तर चुकण्याचं प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशावर आलं. जोडीदार शूर असायला लागत नाही, असायला लागतो.

म्हणून प्रत्येकाने एक जोडीदार ठरवायचा, आणि एक खूण: "चल, क्लासला उशीर होतोय" हे एकाने म्हटलं की दुसऱ्याने प्रश्न न विचारता उठायचं. जोड्या मुलांना स्वतःच जुळवू द्या. कुणाला जोडी मिळाली नाही तर वर्गात ओरडून विचारू नका, "याच्यासोबत कोण?" बैठक संपल्यावर शांतपणे तिसरा म्हणून एखाद्या जोडीत बसवा.

घरचा फोन

पालकांना एकच गोष्ट करायला सांगा. मुलाने ठरलेला एक इमोजी पाठवला किंवा मिस्ड कॉल दिला की पाच मिनिटांत फोन करायचा आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं बोलायचं: "आत्ताच्या आत्ता घरी ये, काम आहे." मूल वैतागल्यासारखं करून निघतं, तोंड वाचतं. अट एकच: त्या रात्री चौकशी नाही. ही अट पालकांना सगळ्यात जड जाते. पहिल्याच वेळी "कुठे होतास, कोण होतं" सुरू झालं की दुसरा मिस्ड कॉल कधी येत नाही.

चौथी बैठक: घसरलेल्यांसाठी

या बैठकीला येईपर्यंत कुणीतरी नकार देऊ शकलेलं नसतं. ते गृहीत धरून बोला. 'एकदा घेतली म्हणजे मी आता त्यांच्यातला' ही समजूत तोडायची. काल घेतली तरी आज नको म्हणता येतं, आणि त्यासाठीचं वाक्यही तेच, आधीचं. सराव मुद्दाम त्या जागेवरून करा: "काल तर घेतली की बे!" "नको, तुम्ही घ्या."

कायद्याची भीती घालू नका, पण माहिती हातात द्या. पुष्कळदा तीच नकाराला आधार होते. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याने (२०१५) सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. "पप्पांची गाडी जप्त होईल बे" हे वाक्य मुलं आपणहून उचलतात.

काही गोष्टी मात्र निसटण्याच्या पलीकडच्या असतात: फोटोवरून धमकावणं, रॅगिंग, मारहाण, खात्यावरून फिरवलेले पैसे. तिथे 'नको, तुम्ही घ्या' चालत नाही, मोठ्यांना मध्ये पडावंच लागतं. बैठकीच्या शेवटी हे नंबर प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या: मुलांसाठी १०९८, पोलीस ११२, सायबर फसवणूक १९३०, मनावरचा ताण असह्य झाला तर टेली-मानस १४४१६, तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. लिहिताना त्यातला एखादा नंबर आपल्यासाठीच आहे असं ज्याला वाटतं, तो खाली मान घालून लिहितो. तो कोण, हे बघत बसू नका. तुम्हीही वहीच उघडा आणि सोबत लिहा.

महिन्याभराने अर्ध्या तासासाठी परत या. दोनच प्रश्न, पुन्हा चिठ्ठीवर, पेन्सिलने: ठरवलेलं वाक्य कधी वापरलं? कुठे अडलं? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. पुढच्या गटाच्या सरावाला समोरच्याची वाक्यं त्यांतूनच घ्यायची आहेत.